चेक बाउन्स झाला २०२१ ला, लायसन्स अडलं २०२४ ला: टेक्सासमधलं एक प्रकरण

चेक बाउन्स झाला म्हणून टेक्सासमध्ये कोणी लगेच तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स काढून घेत नाही. ते जरा लांबच्या वाटेने होतं. चेकची केस कोर्टात जाते, तुम्ही तारखेला जात नाही किंवा दंड भरत नाही, मग कोर्ट तुमचं नाव राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीला, म्हणजे डीपीएसला कळवतं, आणि पुढे कधीतरी लायसन्स रिन्यू करायची वेळ आली की तिथे कळतं की तुमच्या नावावर होल्ड आहे, म्हणजे तो उठेपर्यंत लायसन्स रिन्यू होणार नाही. ही सोय १९९५ च्या कायद्याने झाली, आज ती ट्रान्सपोर्टेशन कोडच्या, म्हणजे राज्याच्या वाहतूक कायद्याच्या, ७०६ व्या चॅप्टरमध्ये आहे, आणि होल्डच्या नोंदी ऑम्निबेस नावाची खाजगी कंपनी सांभाळते, म्हणून लोक सरळ 'ऑम्निबेस होल्ड' म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की हे फक्त ट्रॅफिकच्या चलनासाठी आहे. तसं नाहीये. खालच्या कोर्टाच्या अधिकारात येणारा कुठलाही गुन्हा यात बसतो, आणि बाउन्स चेक त्यातलाच एक.

आधीच सांगतो, खालच्या प्रकरणातली बाई खरी नाही, पायऱ्या समजाव्यात म्हणून मी ते रचलंय. कायद्याच्या तरतुदी मात्र खऱ्या आहेत, आणि अशा फेऱ्यात अडकलेले लोक टेक्सासमध्ये ढिगाने आहेत.

सॅन अँटोनिओच्या बाहेर राहणारी एक बाई. घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्याचं काम, एजन्सीमार्फत. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जायचं तर गाडी पाहिजेच, तिच्या भागात बस म्हणजे नावापुरती. मार्च २०२१ मध्ये एका गुरुवारी तिने दोन चेक लिहिले, एक किराणा दुकानात ४६ डॉलरचा आणि एक टायरवाल्याकडे ११८ डॉलरचा. पगाराचा चेक त्याच दिवशी बँकेत टाकलेला होता, तिला वाटलं शुक्रवारी पैसे दिसतील. पण बँकेने पगाराच्या चेकचा बराचसा भाग दोन दिवस अडकवून ठेवला आणि तिचे दोन्ही चेक त्याआधीच वटायला येऊन पोचले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पूर्वी कागदाचा चेक या बँकेतून त्या बँकेत प्रत्यक्ष फिरायचा, त्याला दोन चार दिवस लागायचे आणि लोक त्या दिवसांच्या भरवशावर चेक लिहायचे. ऑक्टोबर २००४ पासून चेकच्या फोटोवरून व्यवहार करायला कायद्याने मोकळीक मिळाली आणि हळूहळू ते मधले दिवस गेलेच. तुमच्या खात्यातून पैसे जायला एक दिवस पुरतो, पण तुम्ही टाकलेल्या चेकचे पैसे हातात यायला अजूनही थांबावं लागू शकतं. हातावर पोट असलेला माणूस नेमका या फटीत पडतो.

तर दोन्ही चेक परत. बँकेने प्रत्येकी ३५ प्रमाणे ७० डॉलर कापले. दुकानदार परत आलेल्या चेकवर ३० डॉलरपर्यंत प्रोसेसिंग फी लावू शकतो, ती दोघांनी लावली. आता टेक्सासच्या पीनल कोडचं कलम ३२.४१ बघा. खात्यात पैसे नाहीत हे माहीत असताना चेक दिला तर तो क्लास सी, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा गुन्हा, जास्तीत जास्त ५०० डॉलर दंड, तुरुंग नाही. 'माहीत असताना' हे सिद्ध कसं करायचं? त्यासाठी कायद्याने दोन गृहीतकं ठेवलीत. एक, चेक दिला तेव्हा त्या बँकेत खातंच नव्हतं. दोन, चेक दिल्यापासून ३० दिवसांच्या आत बँकेने पैसे नाकारले आणि नोटीस मिळाल्यावर १० दिवसांत चेक देणाऱ्याने पूर्ण पैसे भरले नाहीत. आणि नोटीस रीतसर पाठवली असेल तर ती पाठवल्यापासून ५ दिवसांत मिळालीच असं धरलं जातं.

या बाईने दोन महिन्यांपूर्वी घर बदललं होतं. चेकबुकावर छापलेला पत्ता जुना. दोन्ही नोटिसा तिथेच गेल्या. बँकेने फी कापली तेवढं तिला कळलं होतं, एका दुकानात तिने फोनही केला होता, पण मॅनेजर नव्हता म्हणून बोलणं राहिलं ते राहिलंच. त्या महिन्यात तिची पोरगी आजारी होती वगैरे मी काही घालत नाही, कारण ती चुकली हे उघड आहे. चेक परत आलाय हे कळल्यावर दुकानात जाऊन पैसे देणं तिचं काम होतं. ते तिने केलं नाही.

दुकानदारांचीही बाजू आहे, आणि ती छोटी नाही. ४६ डॉलरचा किराणा बाई घरी घेऊन गेली, तो खाऊनही झाला. एवढ्या पैशासाठी वकील लावून दिवाणी दावा कोण करणार? म्हणून तो जस्टिस ऑफ द पीसच्या कोर्टात, म्हणजे छोट्या खटल्यांच्या कोर्टात, लोक त्याला जेपी कोर्ट म्हणतात, तिथे तक्रार देतो. दोन दुकानं वेगवेगळ्या प्रिसिंक्टमध्ये, म्हणजे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखी) वेगवेगळ्या भागांत, म्हणून केसही दोन वेगळ्या जेपी कोर्टात. काही काउंट्यांमध्ये आधी सरकारी वकिलाच्या ऑफिसातून वसुली होते, तिथे चेकच्या रकमेप्रमाणे १० ते ७५ डॉलर वेगळी फी लागते. टायरचा चेक १०० डॉलरच्या वरचा होता, म्हणजे सरकारी वकिलाने मनावर घेतलं असतं तर तो चेकने केलेली चोरी म्हणून एक पायरी वरच्या क्लास बी मध्येही गेला असता, तिथे मग तुरुंग येतो. तसं झालं नाही हे तिचं नशीब.

समन्स निघाली, ती पण जुन्याच पत्त्यावर. ती हजर झाली नाही, वॉरंट निघाली, आणि दोन्ही कोर्टांनी तिचं नाव ऑम्निबेसमध्ये टाकलं. आणि मग काय झालं? काहीच नाही. तीन वर्षं काहीच नाही. ती रोज गाडी चालवत होती, लायसन्स खिशात होतं, तारीख शिल्लक होती. तिला २०१८ मध्ये मिळालेलं लायसन्स सहा वर्षांचं होतं. आता तर जून २०२० पासून टेक्सासमध्ये लायसन्स आठ वर्षांचं मिळतं, म्हणजे एखाद्याचा होल्ड सात सात वर्षं गपचूप पडून राहू शकतो.

मला या सगळ्या योजनेतली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते. शिक्षा आणि चूक यांच्यात इतकं अंतर की शिक्षेचा धडा म्हणून काही उपयोगच उरत नाही. ज्याचं लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय त्याला ४६ डॉलरसाठी महिनाभरात दणका, आणि ज्याने कालच नवीन लायसन्स काढलंय त्याने हजाराचे चेक फिरवले तरी त्याला कित्येक वर्षं काही वाटणार नाही. गुन्हा तोच, किंबहुना मोठा, पण शिक्षा कधी मिळणार ते ठरतं कार्डावर छापलेल्या तारखेवर.

ऑगस्ट २०२४. तिने ऑनलाइन रिन्यू करायचा प्रयत्न केला, झालं नाही. ऑम्निबेसच्या नंबरवर फोन केला, तिकडून दोन कोर्टांची नावं मिळाली. पहिल्या कोर्टात फोन केला तर क्लार्कने आकडा सांगितला आणि सोबत सांगितलं की वॉरंट आहे. वॉरंट शब्द ऐकला आणि तिने फोन ठेवला. आणि गाडी चालवणं चालूच ठेवलं, कारण न चालवून करणार काय, घरभाडं तर द्यायचंय.

आकड्यांचा हिशोब मांडून बघू, कारण सगळं प्रकरण त्यातच दिसतं. मूळ चेक दोन्ही मिळून १६४ डॉलर. दुकानदारांची फी ६०. बँकेचे ७०. दंड प्रत्येकी १५० धरला, कमाल मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, तरी ३०० झाले. फक्त दंडाच्या शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की राज्याचा कोर्ट खर्च ६२ आणि स्थानिक १४, म्हणजे एका केसला ७६, दोन्हीचे १५२. वॉरंटची फी ५० प्रमाणे १००. ऑम्निबेसची फी प्रत्येक होल्डला १०, म्हणजे २०, आणि हे १० सुद्धा २०१९ मध्ये कायदा बदलला म्हणून, त्याआधी ३० होते. बेरीज करा, ८६६ डॉलर. यातले दुकानदारांच्या हातात जाणारे २२४. उरलेले सगळे बँक, राज्य, काउंटी आणि सिस्टीमला. ज्या दुकानदारासाठी हा सगळा खटाटोप म्हणतात त्याच्या वाट्याला पाव हिस्सा, तोही तीन वर्षांनी आणि वसूल झाला तर.

ऑक्टोबरमध्ये मागचा लाइट बंद होता म्हणून शेरीफच्या डेप्युटीने तिची गाडी थांबवली. क्लास सी च्या वॉरंटवर प्रत्येक वेळी उचलतातच असं नाही, तिला उचललं नाही, पण नवीन चलन दिलं, आणि ते साधं लायसन्सची मुदत संपल्याचं नव्हतं. ट्रान्सपोर्टेशन कोडच्या कलम ५२१.४५७ प्रमाणे ज्याचं रिन्यूअल राज्याच्या कुठल्याही कायद्याखाली नाकारलं गेलंय आणि तरी तो गाडी चालवतोय, त्याचा गुन्हा 'अवैध लायसन्सवर गाडी चालवणं' हा होतो. पहिल्यांदा क्लास सी. आधी एकदा दोषी ठरलेला असेल तर क्लास बी, म्हणजे १८० दिवसांपर्यंत तुरुंग आणि २००० डॉलरपर्यंत दंड. ज्या गुन्ह्याला स्वतःला तुरुंग नाही, त्या गुन्ह्यातून दोन पायऱ्यांत तुरुंगापर्यंत पोचता येतं ते असं. टेक्सासच्या घटनेत पहिल्याच आर्टिकलच्या १८ व्या सेक्शनमध्ये लिहिलंय की कर्जासाठी कुणालाही कैद करायचं नाही, आणि दंड भरायला पैसे नाहीत म्हणून गरिबाला थेट तुरुंगात टाकता येत नाही हे १९७१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं ते टेट विरुद्ध शॉर्ट या खटल्यात, आणि तो खटला टेक्सासमधल्या ह्यूस्टनचाच होता. तिथे ४२५ डॉलरच्या ट्रॅफिक दंडापोटी एका माणसाला दिवसाला ५ डॉलरच्या हिशोबाने ८५ दिवस कैदेत काढायचा हुकूम झाला होता. तेव्हा नियम सगळे माहीत आहेत, पण लायसन्सच्या वाटेने गेलं की ते नियम आडवे येतच नाहीत, कारण दुसरा गुन्हा कागदावर कर्जाचा नसतो, गाडी चालवण्याचा असतो.

एजन्सीला दर वर्षी लायसन्सची कॉपी द्यावी लागते. नोव्हेंबरमध्ये मागितली, तिच्याकडे चालू लायसन्स नव्हतं, तिला रोस्टरवरून काढलं. म्हणजे ८६६ डॉलर भरायचे होते त्याच महिन्यात कमाई थांबली.

मग कुणीतरी तिला मोफत कायदा मदत देणाऱ्यांकडे पाठवलं, आणि तिथे तिला जे कळलं ते तिला पहिल्या फोनलाच कळायला हवं होतं. एक म्हणजे २०१७ मध्ये टेक्सासने कायदा बदलला, त्यात स्पष्ट आहे की हजर न राहिल्याचं वॉरंट बजावलं जाण्याआधी माणूस स्वतःहून कोर्टात आला आणि प्रकरण मिटवायचा प्रामाणिक प्रयत्न केला, तर कोर्टाने ते वॉरंट मागे घेतलंच पाहिजे. म्हणजे ज्या भीतीने तिने फोन ठेवला ती भीती चुकीची होती, कोर्टात जाणं हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग होता. दुसरं, त्याच बदलाप्रमाणे शिक्षा देताना न्यायाधीशाने विचारायचं असतं की तुला हे एकदम भरायला जमतंय का, नसेल तर हप्ते, समाजसेवा, किंवा काही भाग माफ. तिसरं, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं, होल्ड उठवायला पूर्ण पैसे भरायलाच हवेत असं चॅप्टर ७०६ म्हणत नाही. अपील दाखल केलं, केस रद्द झाली, बाँड, म्हणजे जामिनाची रक्कम, भरला, किंवा दंड भरण्याची 'योग्य व्यवस्था' झाली आणि कोर्टाला ती पटली, तरी होल्ड उठतो. गरिबी कोर्टाने मान्य केली तर ऑम्निबेसची फी पण माफ होते.

पहिल्या कोर्टात, किराण्याच्या चेकवाल्या, हे सगळं जसंच्या तसं झालं. वॉरंट मागे, दुकानदाराचे ७६ डॉलर आधी, दंडाऐवजी समाजसेवेचे तास, आणि हप्त्याच्या कागदावर सही झाली त्याच आठवड्यात होल्ड उठवल्याची नोंद गेली. दुसऱ्या कोर्टाने वॉरंट मागे घेतलं, हप्तेही दिले, पण सांगितलं की होल्ड शेवटचा हप्ता भरल्यावरच उठेल. असं करायचा त्या कोर्टाला अधिकार आहे. काय 'योग्य व्यवस्था' आणि काय नाही ते न्यायाधीशाच्या मर्जीवर. आणि एक होल्ड जरी राहिला तरी लायसन्स रिन्यू होत नाही, अर्धं लायसन्स असा काही प्रकार नसतो.

आता लायसन्स रोखण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं ऐकून घेऊ, कारण त्यांचं म्हणणं सगळं टाकाऊ नाही. जेपी कोर्टातल्या क्लार्कना विचाराल तर ते सांगतात की होल्ड नसेल तर लोक येतच नाहीत, आणि मग एकच हत्यार उरतं, वॉरंट काढून उचलायचं. रात्रभर कोठडीत बसवण्यापेक्षा कार्ड अडवणं सौम्य, हे मला पटतं. आणि काही लोक खरोखर लबाड असतात, खातं बंद केलेल्या चेकबुकातून शहरभर चेक फाडत फिरतात, त्यांच्याबद्दल मला काडीची दया नाही. पण कायद्यातच हा फरक आहे ना! बंद खात्याच्या चेकसाठी वेगळं गृहीतक, पैसे कमी पडलेल्या चेकसाठी वेगळं. होल्ड टाकताना मात्र हा फरक कुठेच विचारात घेतला जात नाही, ऑम्निबेसला फक्त एवढंच कळतं की हा हजर झाला नाही किंवा याने भरलं नाही.

आणि हे यंत्र कुणाच्या हातात पडू शकतं तेही बघायला हवं. टेक्सास अ‍ॅपलसीड या संस्थेने २०१४ मध्ये दाखवून दिलं की २०१२ पासून २०१४ च्या वसंतापर्यंत पेडे लोन, म्हणजे पुढच्या पगारापर्यंतचं छोटं कर्ज, देणाऱ्या धंदेवाल्यांनी आपल्या कर्जदारांवर १५०० पेक्षा जास्त फौजदारी तक्रारी ठोकल्या होत्या. पेडे लोनमध्ये सावकार आधीच पुढच्या तारखेचा चेक लिहून घेतो, म्हणजे खात्यात आज पैसे नाहीत हे त्याला चेक घेतानाच माहीत असतं, आणि पुढच्या तारखेच्या चेकला ३२.४१ मधली गृहीतकं लागू होत नाहीत असं कायद्यात सरळ लिहिलंय. तरी तक्रारी झाल्या आणि कोर्टांनी त्या घेतल्या. किराणा दुकानदारासाठी केलेली सोय सावकाराची वसुली एजन्सी झाली. अशा केसमध्ये कर्जदार घाबरून हजर झाला नाही तर तोही त्याच होल्डच्या रांगेत जातो.

माझं मत विचाराल तर पैसे कमी पडलेल्या चेकसाठी होल्ड टाकण्याआधी कोर्टाने दोन गोष्टी तपासल्याच पाहिजेत, नोटीस खरंच त्या माणसापर्यंत पोचली का, आणि त्याला भरायची ऐपत होती का. दोन्हीची उत्तरं हो असतील तर टाका होल्ड, माझी हरकत नाही, पण लगेच कळवा, पुढच्या रिन्यूअलची वाट बघू नका. डीपीएसकडे चालू पत्ता असतो, टेक्सासमध्ये घर बदललं की ३० दिवसांत तो कळवणं बंधनकारक आहे, या बाईनेही कळवला होता. म्हणजे राज्याला तिचा खरा पत्ता तीनही वर्षं माहीत होता. एक पत्र त्या पत्त्यावर गेलं असतं तर २०२१ मध्येच दीडशे पावणेदोनशे डॉलरचं मूळ प्रकरण आणि दुकानदारांची फी मिटली असती, दुकानदारांना पैसे तेव्हाच मिळाले असते. राज्यातल्या काही स्थानिक सरकारांनी तर ऑम्निबेसचा करारच सोडलाय, कारण हा करार करायची सक्ती कुणावर नाही, कायदा म्हणतो 'करू शकतात'.

बाईचं पुढे असं झालं. नोकरी नसताना हप्ते रखडले, फेब्रुवारीत टॅक्स रिफंड आला त्यातून तिने दुसऱ्या कोर्टाचे पूर्ण पैसे भरले, काही दिवसांनी होल्ड निघाला. मुदत संपून दोन वर्षं व्हायच्या आत होती म्हणून ड्रायव्हिंग टेस्ट पुन्हा द्यावी लागली नाही. एजन्सीने परत घेतलं, पण जुने पेशंट दुसरीकडे वाटले गेले होते, तास कमी मिळाले. ऑक्टोबरच्या चलनात ती दोषी ठरली, ते रेकॉर्डवर आहे. पुढे कधी याच कलमात सापडली तर ती केस क्लास बी ची असेल, आणि ती जेपी कोर्टात न जाता काउंटी कोर्टात जाईल.